बहुमत नसताना शपथ कशी होते आणि मतदानाशिवाय सरकार कसं जातं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑक्टोबर २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ पैकी १०५ जागा मिळालेल्या भाजपचे देवेंद्र फडणवीस यांनी २३ नोव्हेंबरला सकाळी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि २६ तारखेला राजीनामा दिला. मधल्या काळात सभागृहात एकही मत पडलं नाही. प्रश्न विचारणारे स्पर्धा परीक्षेची तयारी करत आहेत. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: बहुमत नसताना शपथ कशी देता येते, मतदान न होता सरकार कसं जातं, आणि इतक्या थोड्या दिवसांच्या सरकारने केलेल्या कामाचं पुढे काय होतं. माझी नोकरी विधानमंडळ सचिवालयात झाली. त्यामुळे कलमांबरोबरच सभागृहात प्रत्यक्ष काय घडतं तेही सांगतो.

आधी कलमं बघू. संविधानाचं कलम १६४(१) म्हणतं की मुख्यमंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतील. बहुमताचा उल्लेख तिथे नाही. बहुमताची अट येते ती १६४(२) मधून: मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. म्हणजे आधी शपथ, मग सभागृह. सार्वत्रिक निवडणुकीनंतर हा क्रम उलटा करणं अवघड असतं, कारण निकालाच्या दिवशी नवं सभागृह कागदावरच असतं. आमदारांची शपथ व्हायची असते, अध्यक्ष निवडायचा असतो, आणि अधिवेशन बोलवायचं तर राज्यपालांना तसा सल्ला देणारं मंत्रिमंडळ लागतं. म्हणून शपथविधीच्या दिवशी बहुमत म्हणजे राज्यपालांनी समोरच्या कागदपत्रांवरून बांधलेला अंदाज असतो. तो बरोबर की चूक, हे सभागृह ठरवतं.

यातून माझं मुख्य म्हणणं निघतं. निकाल त्रिशंकू लागला की सगळी चर्चा ‘कोणाला बोलावलं’ यावर होते. ‘किती दिवस दिले’ याकडे फारसं कोणी बघत नाही. खरं तर शपथ आणि मतदान यांच्यामधले दिवस हाच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. अल्पमतातलं सरकार तगणार की पडणार हे बहुतेक वेळा त्या दिवसांच्या संख्येवर ठरलं आहे.

बोलावण्याचा क्रम केंद्र-राज्य संबंधांचा अभ्यास करणाऱ्या सरकारिया आयोगाने १९८८ मध्ये सांगून ठेवला आहे. आधी निवडणूकपूर्व आघाडी. मग इतरांच्या पाठिंब्यासह दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष. नंतर सर्व घटक सरकारात सामील होणारी निवडणुकोत्तर आघाडी, आणि शेवटी काही घटक सरकारात व काही बाहेरून पाठिंबा देणारे, अशी आघाडी. परीक्षेत हा क्रम विचारतात आणि मुलं चुकतात ती दुसऱ्या पायरीवर. ‘सर्वांत मोठा पक्ष’ एवढंच लिहून येतात. आयोगाने ‘इतरांच्या पाठिंब्यासह’ असं म्हटलं आहे. नुसता आकडा मोठा असल्याने हक्क तयार होत नाही.

तरी १९९६ मध्ये दिल्लीत जवळपास तसंच झालं. लोकसभेत भाजपच्या १६१ जागा होत्या. शिवसेनेचे १५ खासदार, अकाली दल, समता पक्ष आणि हरियाणा विकास पार्टी धरूनही बेरीज दोनशेच्या आत राहत होती आणि बहुमताला २७२ लागत होते. समोर काँग्रेस १४० वर होती. बाकीचे पक्ष नेता ठरवण्यात गुंतले होते. ज्योती बसूंचं नाव आलं, त्यांच्या पक्षाने नकार दिला, मग देवेगौडांवर एकमत झालं. राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून वाजपेयींना बोलावलं. १६ मे रोजी शपथ झाली, बहुमतासाठी ३१ मे पर्यंत मुदत मिळाली. त्या दोन आठवड्यांत एकही मोठा पक्ष त्यांच्याकडे वळला नाही. विश्वासदर्शक ठरावावर २७ आणि २८ मे रोजी चर्चा झाली, दूरदर्शनने ती देशभर दाखवली. भाषण संपवताना वाजपेयींनी आपण राष्ट्रपतींकडे राजीनामा द्यायला निघालो आहोत असं सांगितलं. ठराव मताला पडलाच नाही.

त्या प्रसंगाची एक चांगली बाजू सांगायला हवी. अल्पमतातलं सरकार उघडपणे अल्पमतात होतं. समोर किती आहेत आणि आपल्याकडे किती, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळा वाद सभागृहात, लोकांच्या डोळ्यांसमोर झाला. पण राष्ट्रपती भवनाने त्यातून धडा घेतला. १९९८ मध्ये त्रिशंकू निकालानंतर के. आर. नारायणन यांनी वाजपेयींकडे आधी मित्रपक्षांच्या पाठिंब्याची पत्रं मागितली. अण्णाद्रमुकचं पत्र यायला वेळ लागला, तोवर शपथविधी थांबला. १९ मार्चला शपथ झाली आणि २८ मार्चला २७४ विरुद्ध २६१ मतांनी विश्वास मिळाला. आधी पत्रं आणि मग थोडी मुदत, ही पद्धत दिल्लीत रुळली.

राज्यांत मात्र राजभवनं आपापल्या चालीने चालली. मार्च २००० मध्ये बिहारात नितीश कुमार आठवडाभर मुख्यमंत्री होते. मार्च २००५ मध्ये झारखंडात शिबू सोरेन यांना शपथ दिली, पण सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीची तारीख अलीकडे ओढली आणि सरकार दहा दिवसांत गेलं. मे २०१८ मध्ये कर्नाटकात २२२ जागांसाठी मतदान झालं होतं आणि भाजपला १०४ मिळाल्या होत्या. काँग्रेसच्या ७८ आणि जनता दल (सेक्युलर)च्या ३७ मिळून ११५ होत होत्या आणि त्या दोघांनी एकत्र दावाही केला होता. राज्यपालांनी येडियुरप्पांना बोलावलं आणि पंधरा दिवस दिले. न्यायालय मध्यरात्रीनंतर बसलं, पहाटेपर्यंत सुनावणी चालली, शपथविधीला स्थगिती मिळाली नाही. पण दुसऱ्या दिवशी आदेश आला की १९ मे ला दुपारी चार वाजता बहुमत सिद्ध करा. पंधरा दिवसांचे दोन दिवस झाले आणि येडियुरप्पांनी मतदानापूर्वीच राजीनामा दिला. ज्या सरकारला पंधरवड्यात सातआठ आमदार मिळतील असं वाटत होतं, त्याला दोन दिवसांत ते मिळू शकले नाहीत. मुदतीचं महत्त्व याहून स्पष्ट दाखवणारं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता २०१९ चा महाराष्ट्र. २४ ऑक्टोबरच्या निकालात भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४ आणि काँग्रेस ४४ असं चित्र होतं. युती म्हणून निवडणूक लढवलेले दोन पक्ष मुख्यमंत्रिपदावरून वेगळे झाले, त्यामुळे सरकारियांची पहिली पायरीच कोसळली. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी आधी भाजपला विचारलं, त्यांनी १० नोव्हेंबरला नकार कळवला. शिवसेनेने दावा करायची तयारी दाखवून तीन दिवस जादा मागितले, ते मिळाले नाहीत. राष्ट्रवादीला दिलेली मुदत संपायच्या आत, १२ नोव्हेंबरला, राष्ट्रपती राजवट लागली. पुढचे दहा दिवस शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस या तीन पक्षांच्या बैठका चालल्या. २२ तारखेच्या संध्याकाळी उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याचं शरद पवारांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी लोकांनी सकाळी टीव्ही लावला तेव्हा फडणवीस आणि राष्ट्रवादीचे अजित पवार राजभवनात शपथ घेत होते.

राष्ट्रपती राजवट असताना ते कसं शक्य झालं, हे बऱ्याच जणांना अजून समजलेलं नाही. राजवट उठवायला केंद्रीय मंत्रिमंडळाची शिफारस लागते. केंद्राच्या कामकाज नियमांतला नियम १२ पंतप्रधानांना तातडीच्या प्रसंगी बैठकीशिवाय निर्णय घेऊ देतो आणि मंत्रिमंडळाची मंजुरी नंतर घेता येते. तो नियम वापरला गेला आणि राजवट उठल्याची अधिसूचना पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी निघाली. नियम अस्तित्वात आहे, म्हणून कृती बेकायदा ठरत नाही. पण तातडीचा प्रसंग नेमका कोणता होता, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या बाजूने आपला नेता जाहीर केला होता. राज्यपालांनी त्यांनाही बोलावून कागद मागितले असते तर दोन दिवसांनी काही बिघडलं नसतं.

राज्यपालांसमोर जो दावा गेला तो १७० आमदारांचा होता: भाजपचे १०५, अपक्ष व इतर ११ आणि राष्ट्रवादीचे ५४. या ५४ चा आधार होता गटनेते म्हणून अजित पवारांचं पत्र आणि सोबत जोडलेली आमदारांच्या सह्यांची यादी. त्या सह्या या कामासाठी दिलेल्याच नव्हत्या, असं पक्षाचं म्हणणं होतं. इथे थोडं थांबतो, कारण असे कागद माझ्या हाताखालून गेले आहेत. निवडणुकीनंतर प्रत्येक पक्ष आपला गटनेता निवडतो आणि त्या बैठकीला हजर आमदारांच्या सह्या घेतल्या जातात. वर ठरावाचा मजकूर, खाली अनुक्रमांक, नाव, मतदारसंघ, सही. यादी लांबली की दुसरं पान लागतं आणि त्या पानावर वरचा मजकूर नसतो, नुसते रकाने आणि सह्या. ते सुटं पान कोणत्याही पत्रामागे जोडता येतं. म्हणून असा कागद आला की मी आधी दोन गोष्टी बघायचो: प्रत्येक पानावर मजकूर आणि तारीख आहे का, आणि सही करणाऱ्याने नेमकं कशाला संमती दिली हे त्याच पानावर लिहिलेलं आहे का. राज्यपालांनी हस्ताक्षरतज्ज्ञ व्हावं असं कोणी म्हणत नाही. पण ‘मी अमुक यांच्या नेतृत्वाखालील सरकारला पाठिंबा देतो’ हे वाक्य प्रत्येक सहीच्या वर असायला हवं, एवढा आग्रह धरायला कायदा लागत नाही.

तिन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले. रविवारी, २४ नोव्हेंबरला, सुनावणी झाली, सोमवारी युक्तिवाद पुढे चालले आणि त्याच संध्याकाळी तिन्ही पक्षांनी मुंबईतल्या एका हॉटेलात आपले १६२ आमदार एकत्र आणून दाखवले. मंगळवारी न्यायमूर्ती रमणा, अशोक भूषण आणि संजीव खन्ना यांच्या पीठाने आदेश दिला. तो बारकाईने वाचण्यासारखा आहे, कारण त्यातली प्रत्येक अट सभागृहातली एकेक पळवाट बुजवते. दुसऱ्याच दिवशी, २७ तारखेला, पाच वाजेपर्यंत आमदारांच्या शपथा संपवा. लगेच विश्वासमत घ्या. हे सगळं हंगामी अध्यक्षांनी, म्हणजे अध्यक्षांची निवड होईपर्यंत काम बघणाऱ्या सदस्याने, करावं. मतदान गुप्त नको. थेट प्रक्षेपण हवं.

यातली हंगामी अध्यक्षांची अट बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. तिचं कारण असं की त्या वेळी महाराष्ट्र विधानसभेत अध्यक्षांची निवड गुप्त मतदानाने होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलून ती खुली झाली. नेहमीच्या क्रमाने आधी अध्यक्षांची निवड झाली असती तर पहिलं मतदान गुप्त झालं असतं. कोणी कोणाला मत दिलं हे प्रतोदाला, म्हणजे पक्षाच्या आमदारांना मतदानाचा आदेश देणाऱ्याला, कळलं नसतं, आणि मग आपल्या मर्जीचा अध्यक्ष बसलेल्या सभागृहात विश्वासमत आलं असतं. त्यातच राष्ट्रवादीने २३ तारखेला अजित पवारांना गटनेतेपदावरून दूर करून ते अधिकार जयंत पाटलांकडे दिले होते. आता पक्षादेश (व्हिप) कोणाचा खरा, यावर वाद झाला असता आणि त्याचा निवाडाही अध्यक्षांनीच करायचा. गटनेता आणि प्रतोद विधिमंडळ पक्ष नेमत नाही, राजकीय पक्ष नेमतो, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं ते मे २०२३ मध्ये, शिवसेनेच्या प्रकरणात. २०१९ मध्ये तो प्रश्न उघडाच होता.

आदेश सकाळी आला. अजित पवारांनी राजीनामा दिला आणि दुपारी फडणवीसांनीही. मुदत चोवीस तासांवर आली आणि सरकारकडे मोजायला माणसं नव्हती.

आता दुसरा प्रश्न, मतदान टाळून राजीनामा का? पराभवाची नोंद नको, हे एक कारण लोक सांगतात. माझ्या मते त्याहून मोठं कारण संविधानाच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदीत आहे. पक्षादेश मोडून मत दिलं किंवा गैरहजर राहिलं की अपात्रतेचं कारण तयार होतं. मतदान झालंच नाही तर कोणी पक्षादेश मोडलाच नाही. जे इकडून तिकडे जायला निघाले होते ते सुरक्षित घरी परततात. २०१९ मध्ये तेच झालं. राष्ट्रवादीच्या कोणावर अपात्रतेची कारवाई झाली नाही आणि ३० डिसेंबरला अजित पवार नव्या सरकारात पुन्हा उपमुख्यमंत्री झाले. राजीनाम्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. जून २०२२ मध्ये उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीच्या आदल्या रात्री राजीनामा दिला. पुढच्या वर्षी न्यायालयाने राज्यपालांनी चाचणी बोलावणं चुकीचं ठरवलं, पण ठाकरे चाचणीला सामोरे न जाता स्वतःहून पायउतार झाले होते, म्हणून त्यांचं सरकार परत आणता येणार नाही असंही सांगितलं. हा निकाल वाचल्यावर कोणताही जाणता सल्लागार मुख्यमंत्र्यांना घाईने राजीनामा द्यायला सांगणार नाही.

एक गैरसमज दूर करायला हवा. ‘१४५ हवेत’ (२८८ च्या निम्म्याहून एक जास्त) हे वाक्य सगळे म्हणतात, पण विश्वासमताला १४५ लागतातच असं नाही. कलम १८९ प्रमाणे उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचं बहुमत पुरतं. २०१४ मध्ये भाजपचे १२२ आमदार निवडून आले होते. राष्ट्रवादीने निकालाच्या दिवशीच बाहेरून पाठिंबा देऊ केला होता. हिशेबापुरतं धरा: राष्ट्रवादीचे ४१ जण तटस्थ राहिले तर उरतात २४७, आणि त्यात १२४ पुरतात. ३१ ऑक्टोबरला शपथ घेतलेलं ते सरकार डिसेंबरात शिवसेना सामील होईपर्यंत अल्पमतातच होतं. १२ नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. विरोधकांनी मतविभाजन, म्हणजे मतं मोजून घेणं, मागितलं, पण अध्यक्षांनी कामकाज पुढे नेलं होतं. नव्या सरकारचं पहिलं विश्वासमत आवाजी घेणं मला मान्य नाही. ‘होय’चा आवाज मोठा की ‘नाही’चा, यावर राज्याचं सरकार ठरू नये.

त्याउलट ३० नोव्हेंबर २०१९ चं मतदान बघा. हंगामी अध्यक्ष दिलीप वळसे पाटील यांनी शिरगणती घेतली. अशा वेळी घंटा वाजतात, बाहेरचे सदस्य आत येतात, दारं बंद होतात. मग बाकांच्या ओळीने एकेक सदस्य उभा राहून आपलं नाव आणि आकडा उच्चारतो, आणि कर्मचारी टिपून घेतात. एखाद्याने आकडा चुकवला तर मागे जाऊन पुन्हा मोजतात. भाजपने सभात्याग केला, चार जण तटस्थ राहिले आणि बाजूने १६९ मोजले गेले. सगळं टीव्हीवर दिसत होतं. याला फार वेळ लागत नाही, आणि नंतर कोणाला वाद घालायला जागा राहत नाही.

आपल्या शेजारी गोव्यातही हे दिसलं. मार्च २०१७ मध्ये ४० पैकी काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ जागा मिळाल्या. तरी मनोहर पर्रीकरांनी छोटे पक्ष आणि अपक्षांची पत्रं घेऊन दावा केला. न्यायालयाने दोन दिवसांत चाचणी घ्यायला लावली आणि ते २२ विरुद्ध १६ ने जिंकले. मुदत कमी होती तरी सरकार टिकलं, कारण माणसं आधीच मोजलेली होती. म्हणून कमी मुदत ही कोणत्या एका बाजूची सोय नाही.

शेवटचा प्रश्न, निर्णयांचा. तीन दिवसांचं सरकार कायद्याने पूर्ण सरकार असतं. बहुमत सिद्ध झालं नव्हतं म्हणून त्याचे आदेश आपोआप रद्द होत नाहीत. फडणवीसांनी २५ नोव्हेंबर २०१९ रोजी अवकाळी पावसाने नुकसान झालेल्या शेतकऱ्यांसाठी आकस्मिकता निधीतून (अचानक लागणाऱ्या खर्चासाठीचा राखीव निधी) ५,३८० कोटी रुपयांना मंजुरी दिली. अशी रक्कम नंतर पुरवणी मागण्यांतून विधिमंडळाकडून नियमित करून घ्यावी लागते, ते काम पुढच्या सरकारच्या वाट्याला येतं. शहाणपण असं सांगतं की विश्वासमतापर्यंत सरकारने फक्त रोजचं आणि निकडीचं काम करावं. शेतकऱ्यांची मदत त्यात बसते. मोठे करार बसत नाहीत. पण हा संकेत आहे, त्याला कायद्याचं बळ नाही.

१९९६ च्या तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या सुधारित करारासाठी केंद्राच्या प्रतिहमीला मंजुरी दिली होती. महाराष्ट्र वीज मंडळ आणि राज्य सरकार पैसे देऊ शकलं नाही तर दिल्लीने द्यायचे, असा त्याचा अर्थ. जे सरकार लोकसभेत एकही मत जिंकलं नाही त्याने देशाच्या तिजोरीवर हा बोजा घेतला, आणि पुढच्या कोणत्याही सरकारला तो झटकून टाकता आला नाही. २००१ मध्ये मंडळाची बिलं थकली तेव्हा एन्रॉनच्या कंपनीने तीच प्रतिहमी केंद्रापुढे ठेवली. त्या वेळी पंतप्रधान वाजपेयी होते, आणि ऊर्जामंत्री होते सुरेश प्रभू, जे त्या तेरा दिवसांत उद्योगमंत्री होते.